फगलचा प्रतिनिधी

नीता सबनीस यांनी बिअरचा पहिला घोट घेतला तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. ती बिअर त्यांनी स्वतःच केली होती, आणि ती बिघडली होती.

पण त्याआधी नीताकाकू कोण ते सांगायला हवं. सिंगापूरमध्ये वुडलँड्सला आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहतो, त्या वर आणि मी दोन मजले खाली. पुण्याहून नोकरीसाठी मी इथे नवीनच आले होते तेव्हा लिफ्टमध्ये माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनी विचारलं होतं, जेवायचं काय करतेस गं? त्या दिवसापासून मी त्यांची चैताली झाले आणि त्या माझ्या काकू.

काकू मूळच्या वाईच्या. वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. शाळा सुटली की काकू घरी न जाता दुकानात जाऊन बसायच्या. नागरमोथा, वाळा, कचोरा, जटामांसी, ज्येष्ठमध, असा सगळा माल पोत्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत भरलेला असायचा. वडील कोणताही जिन्नस पुडीत बांधण्याआधी तळहातावर चोळून नाकाशी न्यायचे आणि मुलीलाही न्यायला लावायचे. जुना झालेला माल डोळ्यांना फसवतो, नाकाला फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वैद्यांनी चिठ्ठीत लिहिलेलं एखादं औषध दुकानात नसलं तर त्याच्या जागी दुसरं द्यायची रीत आयुर्वेदात आहेच. अतिविष नसेल तर नागरमोथा द्यायचा. अशा बदलीच्या औषधाला प्रतिनिधी म्हणतात. काकूंचे वडीलही प्रतिनिधी द्यायचे, पण ‘हे ते नाही, त्याच्या जागचं आहे’ एवढं बोलल्याशिवाय पुडी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे नाहीत. मग कोणी पुडी न घेताच निघून गेलं तर जाऊ द्यायचे.

काकूंनी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं आणि जहाजावरच्या एका इंजिनिअरशी त्यांचं लग्न झालं. प्रकाशकाका वर्षातले बरेच महिने समुद्रावर असायचे. ठाण्याच्या घरात मुलीला, शिवांगीला, काकूंनी जवळजवळ एकटीनेच वाढवलं. पुढे काका चीफ इंजिनिअर झाले, मग सिंगापूरच्या एका शिपिंग ऑफिसात त्यांना किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि कुटुंब इथे आलं. काकू तेव्हापासून जवळच्या चाइल्डकेअर सेंटरमध्ये शिकवतात. दिवसभर तीन-चार वर्षांची मुलं त्यांच्या कुर्त्याला लटकलेली असतात.

काकांना किनाऱ्यावर आल्यावर एक छंद लागला. तरुणपणी इंग्लंडच्या बंदरांत जहाज लागलं की ते तिथली तांबूस, कमी फेसाची, जराशी कडसर बिअर प्यायचे. तशी इथे मिळेना, म्हणून त्यांनी ती घरी करायला सुरुवात केली. घरच्यापुरती करायला इथे मुभा आहे, विकायची मात्र नाही. इथल्या फ्लॅटमध्ये युद्धाच्या वेळी लपायला म्हणून जाड भिंतींची एक छोटी खोली असते. बाकी सगळे त्या शेल्टरमध्ये अडगळ भरतात. काकांनी तिथे आपली पातेली, नळ्या आणि एक जुना फ्रिज मांडला. इथल्या उकाड्यात बिअर बाहेर आंबवली तर नासते, फ्रिजमध्ये तापमान धरून ठेवावं लागतं. शनिवारी सकाळी काका ओट्याचा ताबा घ्यायचे आणि काकू नाकाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून बाहेर जायच्या. बिअरबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. कारलं आपल्याकडे स्वस्त मिळतं की, मग कडू प्यायला एवढा खटाटोप कशाला?

या बिअरमध्ये हॉप्स घालतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या कांड्या करतात, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या. धान्याच्या गोड पाण्यात त्या आधी घालून खूप वेळ उकळल्या की कडूपणा उतरतो; शेवटी घातल्या की वास राहतो. आंब्याच्या असतात तशा त्यांच्या जाती आहेत. कशाला संत्र्याचा वास, कशाला देवदाराचा. काका कायम एकच जात वापरायचे, फगल नावाची, जुनी इंग्लिश. फ्रीझरमध्ये मटार आणि खवलेला नारळ यांच्या शेजारी फगलची पाकिटं असायची. काकूंचा त्याला विरोध होता, पण तो त्यांनी कधी टोकाला नेला नाही.

त्या बिअरचे सगळ्यात मोठे चाहते होते मिस्टर कोह. काकांची जहाजं दुरुस्तीला यायची त्या यार्डात कोह फोरमन होते. एकदा घाईत काका हवा तपासायच्या आधीच जहाजाच्या रिकाम्या टाकीत उतरले. बंद टाकीतलं लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. आत गेलेल्या माणसाला काही कळायच्या आत पाय जातात. काकांचेही गेले. कोहनी तोंडावर मास्क चढवला, आत उतरले आणि त्यांना दोरीला बांधून वर काढलं. हे काकांनी मला कधी सांगितलं नाही, कोहनीही नाही. काकूंनी सांगितलं. दोघं पुरुष एकमेकांशी त्या विषयावर बोलत नाहीत. दर वर्षी कोहच्या वाढदिवसाला काका बिअर नेतात, एवढंच.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी सबनीसांच्या घरात तिघंही आजारी पडली. काकू आणि शिवांगी बऱ्या झाल्या. काकाही बरे झाले, पण त्यांचा वास गेला. सगळ्यांचा येतो तसा येईल म्हणून वाट पाहिली. काही महिन्यांनी आला तो भलताच. फोडणीला जळक्या रबराचा वास, कॉफीला डिझेलचा. मग तोही गेला आणि काहीच उरलं नाही. इंजिनरूममध्ये धोक्याची घंटा वाजायच्या आधी तापलेलं बेअरिंग नाकाने ओळखणारा हा माणूस. एका दुपारी दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि काका तिथेच, दोन हातांवर, वर्तमानपत्र वाचत बसले होते. काकू बाहेरून आल्या, दार उघडताच त्यांना कळलं. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

त्यांनी हे घराबाहेर कोणालाही सांगितलं नाही; मला ते काकूंकडून कळलं. माझ्याकडे जेवायला आले की ‘वा, काय वास सुटलाय’ असं मुद्दाम म्हणायचे. निवृत्त झाले तरी ओट्याकडे फिरकले नाहीत. शेल्टरचं जाड दार बंदच राहिलं. कोहच्या दोन वाढदिवसांना दुकानातली महागडी बाटली गेली.

तिसऱ्या वर्षी कोहचा फोन आला. पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, पुंगोलला मुलीच्या घरी जेवण आहे, आणि चीफ, यंदा दुकानातलं काही आणू नकोस, तुझी ती ब्राऊन बिअर आण. काकांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी हॉप्स मिळतात त्या दुकानात फोन लावला आणि तिथून उत्तर आलं की फगल नाही. इंग्लंडहून माल आलेला नाही, कधी येईल सांगता येत नाही. काकूंच्या सांगण्याप्रमाणे, फोन ठेवताना काकांचा चेहरा सुटका झाल्यासारखा झाला.

काकू कणीक मळत होत्या. काका म्हणाले, "कोहना कळवून टाकतो. फगल नाही, त्यामुळे यंदा जमत नाही."

"फगल असतं तर केली असतीत?"

शिवांगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती वर न बघता इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट टेल अंकल कोह लाह. ही वोंट माइंड."

"केली असतीत का, तेवढं सांगा," काकू म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले. "कशी झालीय ते मलाच कळणार नाही. आंधळ्याने चित्र काढून लोकांना दाखवायचं, तसं होईल ते."

काकूंनी कणकेवर ताट झाकलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "हात तुमचे. नाक माझं वापरा."

काका हसले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी काकूंनी फ्रीझरच्या तळातून फगलचं एक जुनं फाटकं पाकीट शोधून काढलं. त्यात चार-दोन कांड्यांचा चुरा उरला होता. ते डबीत घालून, मला सोबतीला घेऊन त्या बुओना व्हिस्टाजवळच्या त्या दुकानात गेल्या. एका औद्योगिक इमारतीत, मालाच्या लिफ्टने वर जायचं. दुकान मिस ओंग नावाच्या बाई चालवतात. काकूंनी डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, याच्या जागी चालेल असं काय आहे ते मला दाखवा.

मिस ओंगना बहुधा असं गिऱ्हाईक आवडतं. त्यांनी पाकिटं काढायला सुरुवात केली. काकू एकेक कांडी तळहातावर चोळायच्या, दोन्ही हातांची ओंजळ नाकाशी न्यायच्या, थांबायच्या. मग बेसिनवर जाऊन हात धुवायच्या, आपल्याच कोपराचा वास घ्यायच्या म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं, आणि परत डबीतला चुरा हुंगायच्या. मी त्यांना मुलांची नाकं पुसताना पाहिलं होतं, ढोकळा करताना पाहिलं होतं. ही बाई मी पाहिली नव्हती. चेहऱ्यावर जराही घाई नव्हती.

डबीतल्या फगलबद्दल त्या मला म्हणाल्या, "हा वाळा आहे. कोरडा वाळा. आणि खाली कुठेतरी पुदिन्याची काडी." गोल्डिंग्ज नावाची एक जात त्यांनी बाजूला ठेवली, तिला वाळलेल्या गवताचा आणि मधाचा वास होता, चांगला पण वेगळा. स्टिरियन म्हणून एक होती, तिच्यात माती होती पण मिरीही होती. मग विलॅमेट आली. काकूंनी ती तीनदा चोळली. मिस ओंगनी सांगितलं की ही अमेरिकेत फगलपासूनच काढलेली जात आहे, फगलची लेक म्हणा, आणि फगल नसेल तर बहुतेक लोक हीच तेवढीच घालतात.

"चेहरा आईचाच आहे," काकू मला मराठीत म्हणाल्या, "पण पोरगी अत्तर लावून आलीय."

विलॅमेट, आणि असू दे म्हणून थोडी स्टिरियन, घेऊन आम्ही परत आलो.

शनिवारी शेल्टर उघडलं. काकांनी धूळ पुसली, नळ्या उकळून घेतल्या, पाकिटावरचा कडूपणाचा आकडा फगलपेक्षा वेगळा आहे म्हणून कागदावर हिशेब करून प्रमाण बदललं. हिशेब करताना ते गुणगुणत होते, हे काकूंनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. धान्य भिजलं, गोड पाणी उकळलं, काका सांगतील तेव्हा काकूंनी हॉप्स टाकल्या. शेवटच्या वेळी मात्र त्यांनी काकांचं ऐकलं नाही. पातेल्यावर वाकून त्यांना वाळा पुरेसा लागेना, म्हणून त्यांनी विलॅमेटची आणखी एक मूठ घातली. काका म्हणाले, जास्त होईल. काकू म्हणाल्या, नाक माझं आहे ना?

बिअर आंबली, बाटल्यांत भरली गेली, मुरली. पहिली बाटली उघडली त्या संध्याकाळी मी तिथे होते. काकांनी घोट घेतला. कडूपणा, गोडवा, आंबटपणा त्यांना कळतो. तो जिभेचा भाग आहे आणि जीभ शाबूत आहे. ते म्हणाले, कडूपणा अगदी जागेवर आहे, झाली. काकूंनी ग्लास हुंगला. त्यांनाही ठीक वाटली, जराशी फुलांची, पण ठीक. ग्लास त्यांनी खाली ठेवला, परत उचलला. काकांना विचारलं, तुम्ही प्यायल्यावर वास कुठे यायचा? काकांनी सांगितलं की खरा वास गिळताना येतो, घशाकडून वर. बाहेरून हुंगून अर्धंच कळतं.

काकू उठल्या. स्वयंपाकघरातून आमटीची वाटी घेऊन आल्या, तिच्यात थोडी बिअर ओतली आणि औषध घेतात तशी एका घोटात घेतली. डोळे मिटून गिळली. कडूपणाने त्यांचं अंग शहारलेलं मला दिसलं.

"गुलकंद," त्या म्हणाल्या. "कोहना तुम्ही गुलकंद पाजणार आहात."

काका म्हणाले की कोणाला कळणार नाही. त्यात तथ्य होतं. त्या बाटल्या शिवांगीच्या ऑफिसातल्या मित्रांनी पुढच्या आठवड्यात येऊन आनंदाने संपवल्या आणि हा कोणता ब्रँड म्हणून विचारलं. पण काकूंनी ती मूठ आपली चूक म्हणून मान्य केली आणि पुन्हा नव्याने करू म्हणाल्या. वाढदिवसाला आणखी एकदा करण्यापुरतेच दिवस उरले होते.

दुसऱ्यांदा करताना दोघांचं भांडण झालं. काकू प्रत्येक पायरीला पातेल्यावर वाकत होत्या, गॅस कमी करा, आता ढवळा, थांबा, असं सांगत होत्या. काकांनी पळी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, मला नुसता खलाशी करून टाकलंस. काकू म्हणाल्या, आणि मी काय, नुसतं नाक? मग मात्र दोघंही हसली, आणि हसताना काकांनी एक गोष्ट सांगितली जी त्यांना मघापासून सांगायची होती. फुलांचा वास हलका असतो, तो वाफेबरोबर आधी उडतो. विलॅमेट शेवटी न घालता आधीच घातली आणि उकळू दिली तर अत्तर बरंचसं जाईल. वाळाही थोडा जाईल. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, मग तो वाळा भरून काढायला शेवटी स्टिरियन घालू, अगदी चिमूटभर, मिरी पुढे येऊ द्यायची नाही. काकांनी कागद ओढला आणि पुन्हा हिशेब मांडला. वासाचा विचार इंजिनिअरने केला होता आणि मापाचा शिक्षिकेने, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

या वेळी वाटीतला घोट काकूंनी सावकाश घेतला. मग म्हणाल्या, "फगल नाही. पण त्याच्या जागी बसते."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी काका टॅक्सीने बाटल्या पुंगोलला पोचवून आले, कारण हलवल्या की तळाचा गाळ वर येतो आणि परत बसायला रात्र लागते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मेट्रोने आणि पुढे एलआरटी या छोट्या गाडीने गेलो. गाडीत काकूंनी विषय काढला. कोहना आधीच सांगायचं, ही नेहमीची नाही. काकांचं म्हणणं होतं की म्हाताऱ्याचा वाढदिवस आहे, कशाला? ही दुसरी म्हटलं की का म्हणून विचारणार, आणि मग सगळंच सांगावं लागणार. काकू म्हणाल्या, सगळं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. हॉप्सचं मी सांगणार.

पण त्यांना वेळच मिळाला नाही. दारातच नातवंडांनी घेरलं, नूडल्स आले, गाणं झालं, आणि कोहच्या मुलीने बाटली उघडून वडिलांच्या हातात ग्लास दिला. कोह तसे बारीक, ताठ, केस पांढरेशुभ्र. त्यांनी मोठा घोट घेतला. क्षणभर थांबले. आणखी एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरून पाहिला, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, गुड, चीफ, व्हेरी गुड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकाही हसले. कोहनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

काकूंचं लक्ष त्यांच्याकडेच होतं. त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर कोह, ही नेहमीची नाही. त्याच्यातलं फूल मिळालं नाही म्हणून मी दुसरं घातलंय. वेगळी लागत असेल तर ती वेगळीच आहे."

कोहनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते असे हसले की त्यांचे खांदे हलायला लागले. ते म्हणाले, "थँक यू. मला वाटलं, माझीच जीभ गेली. डॉक्टरने गेल्या महिन्यात कान गेले म्हणून सांगितलं, मी म्हटलं आता जीभ."

टेबलाच्या त्या बाजूला काका उभे होते. त्यांनी हे ऐकलं. मग टेबलाला वळसा घालून आले, कोहच्या समोर बसले आणि म्हणाले, "जीभ तुझी नाही गेली. माझं नाक गेलंय. आज तीन वर्षं झाली. ही बिअर नीताने केलीय, मी फक्त ढवळली."

काकू म्हणाल्या की हे खोटं आहे, हिशेब सगळा त्यांचा आहे. पण कोहचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काकांचा हात धरला होता. एवढी वर्षं का नाही बोललास, असं त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले की इंजिनिअरला नाक लागतंच. शिवांगी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "फायनली लाह," आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुऊन आली होती.

कोहनी पहिला ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. जुनी बरी की ही, असं कोणीतरी विचारलं तर म्हणाले, त्या वेगवेगळ्या आहेत, मी कशाला ठरवू?

त्या दिवसानंतर काकांनी एकेकाला सांगायला सुरुवात केली. पुंगोलला मी ऐकलं होतं तरी मलाही वेगळं सांगितलं, तेव्हा मी आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही, आणि त्यांनाही ते बरं वाटलं असावं. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून काकू रोज सकाळी त्यांच्यापुढे चार वाट्या मांडतात. लवंग, लिंबाची साल, निलगिरी, कॉफी. डोळे मिटून हुंगायचं आणि ती गोष्ट आठवायची. लिंबू कधी लागतं, कधी नाही. काही दिवस मुळीच काही लागत नाही, तेव्हा काका चिडतात आणि काकू वाट्या आवरून कामाला जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडतात.

मला काकूंचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं, याचा मी कधी कधी विचार करते. नाक तर आहेच. पण दुकानात गेल्या तेव्हा त्यांना बिअरमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि ते सांगायला त्या लाजल्या नाहीत. मूठभर जास्त घातली ती चूक झाली, तीही त्यांनी कोणावर ढकलली नाही. नवऱ्याची उणीव झाकायची सोय आयती चालून आली होती; तीही त्यांनी घेतली नाही, आणि तरी त्याला उघडं पाडलं नाही. बोलायचं ते त्यालाच बोलू दिलं. मी त्यांच्या वयाची होईन तेव्हा मला एवढं जमेल की नाही, सांगता येत नाही.

मध्यंतरी फगलचा माल परत आला. मिस ओंगनी स्वतः फोन केला. काकांनी एक पाकीट आणून ठेवलं आहे, पण दोघं आता आलटून पालटून दोन्ही करतात, आणि कोहना दोन्हीच्या बाटल्या नाव लिहून पाठवतात. इथली बिअर करणारी मंडळी महिन्यातून एकदा त्या दुकानात जमतात. एखाद्याची जात मिळाली नाही, तिच्या जागी काय घालू असं विचारायला आता ते काकूंकडे येतात. काकू तळहात पुढे करतात, चोळतात, हुंगतात आणि आधी विचारतात, तुम्हाला त्या फुलाकडून नक्की काय हवं होतं? बरेचदा समोरच्याने त्याचा विचारच केलेला नसतो. मग तो बसतो आणि विचार करतो, आणि काकू थांबतात. कडूपणाचं कोणी विचारलं तर त्या काकांकडे बोट दाखवतात.

गेल्या महिन्यात न्यूझीलंडहून नव्या जाती आल्या होत्या म्हणून मिस ओंगनी दोघांना बोलावलं होतं, आणि मीही गेले होते. काकूंनी दुपारभर कांड्या चोळल्या. एका जातीला पिकून फुटलेल्या पेरूचा वास होता, तो त्यांना मुळीच आवडला नाही. मिस ओंगना तोच सगळ्यात आवडला, आणि दोघी त्यावरून बराच वेळ वाद घालत बसल्या. काका शेजारच्या टेबलावर एका गृहस्थांना कडूपणाचा हिशेब शिकवत होते. निघाल्यावर आम्ही जवळच्या, खाण्याचे स्टॉल असलेल्या हॉकर सेंटरला गेलो. काकांनी फिशबॉल नूडल्स मागवले आणि त्यात दोन चमचे तिखट घातलं, कारण तिखट त्यांना अजून पुरतं कळतं. काकूंनी शाकाहारी स्टॉलवरून टोफूचं सूप आणलं. काकांनी त्यातला एक चमचा घेतला आणि सांगितलं, मीठ कमी आहे. काकूंनी चाखून पाहिलं. खरंच कमी होतं. त्या उठून मीठ मागायला गेल्या.